खडक फुटतो अमेरिकेत, गॅस येतो दाभोळमार्गे : ‘फ्रॅकिंग’चा देशाला आणि सीमाभागाला फायदा काय?

बेळगाव : सीमाभागात बोअरचे काम ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला ‘फ्रॅकिंग’ समजायला फारसा वेळ लागणार नाही. काळ्या कातळात दोन-तीनशे फूट बोअर मारला, पाणी लागले, पण मोटर तासभरही टिकेना, असे अनेकांचे होते. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अशा विंधन विहिरींवर ‘जलभंजन’ नावाचा उपाय करते. बोअरमध्ये ठरावीक खोलीवर पॅकर फुगवून जागा बंद करायची आणि मोठ्या दाबाने पाणी आत सोडायचे. कातळातल्या चोंदलेल्या भेगा मोकळ्या होतात, बारीक भेगा रुंदावतात आणि आजूबाजूचे पाणी बोअरकडे येऊ लागते.

हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग, म्हणजेच बोलीभाषेतले फ्रॅकिंग, हे याच जलभंजनाचे थोरले भावंड. फरक इतकाच की इथे शोध पाण्याचा नसून नैसर्गिक वायूचा किंवा तेलाचा असतो आणि खोली फुटांत न मोजता किलोमीटरमध्ये मोजावी लागते. या तंत्राने अमेरिकेत निघालेला वायू जहाजाने कोकणात उतरतो. तिथून निघालेली गॅसवाहिनी कोल्हापूर जिल्हा ओलांडून बेळगाव जिल्ह्यात येते. म्हणून हा विषय दूरदेशीचा वाटला तरी त्याचा हिशेब रिक्षाचालकापासून ऊस उत्पादकापर्यंत सगळ्यांशी जोडलेला आहे.

फ्रॅकिंग म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या वायूविहिरीत वायू सच्छिद्र खडकात साठलेला असतो. विहीर खोदली की तो स्वतःच्या दाबाने वर येतो. ‘शेल’ या पाटीसारख्या थरांच्या चिवट खडकात मात्र वायू भरपूर असला तरी त्याला बाहेर यायला वाट नसते. त्यासाठी आधी दोन-तीन किलोमीटर सरळ खाली विहीर खोदतात, मग ती खडकाच्या थरातच आडवी वळवून आणखी एक-दोन किलोमीटर नेतात. विहिरीला लोखंडी नळी आणि सिमेंटचे अस्तर केले जाते. आडव्या भागात नळीला ठिकठिकाणी भोके पाडून प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि थोडी रसायने आत ढकलतात. खडकाला बारीक तडे जातात. दाब काढल्यावर हे तडे पुन्हा मिटू नयेत म्हणून वाळूचे कण पाचरीसारखे काम करतात. त्या तड्यांतून वायू नळीत येतो.

हे तंत्र नवे नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात १९४७ मध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला आणि १९४९ पासून व्यापारी वापर सुरू झाला. खरी कलाटणी मिळाली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. टेक्सासमधील बार्नेट शेल भागात जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने खर्चिक घट्ट द्रवाऐवजी साध्या पातळ पाण्याचा वापर करून खर्च खाली आणला. पुढे त्याला आडव्या विहिरींची जोड मिळाली. आज अमेरिकेच्या एकूण नैसर्गिक वायूपैकी चारात तीन हिश्शांहून अधिक वायू शेलमधून येतो. एकेकाळी वायू आयात करायची तयारी करणारा हा देश २०१६ पासून लुइझियाना राज्यातील सबिन पास बंदरातून द्रवरूप वायूची निर्यात करू लागला आणि २०२३ मध्ये जगातला सर्वांत मोठा निर्यातदार झाला.

दाभोळला आलेले जहाज

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील अंजनवेलचा प्रकल्प मराठी वाचकाला ‘एन्रॉन’ या नावानेच आठवतो. १९९९ मध्ये सुरू झालेली ही वीजनिर्मिती महागड्या विजेच्या वादात २००१ मध्ये बंद पडली. द्रवरूप वायू उतरवण्याचे टर्मिनलही अर्धवट राहिले. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन करून प्रकल्प नव्याने उभा करण्यात आला. टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झाले. आता ते कोकण एलएनजी या वेगळ्या कंपनीकडे असून त्याची क्षमता वर्षाला ५० लाख टनांची आहे.

त्याआधीच, डिसेंबर २०११ मध्ये, सरकारी कंपनी ‘गेल’ने सबिन पास प्रकल्पाशी वर्षाला ३५ लाख टन द्रवरूप वायू २० वर्षे घेण्याचा करार केला होता. मेरीलँड राज्यातील कोव्ह पॉइंट प्रकल्पातून आणखी २३ लाख टनांची सोय केली. या दीर्घ मुदतीच्या करारातले पहिले जहाज ‘मेरिडियन स्पिरिट’ ३० मार्च २०१८ रोजी भारतात पोहोचले. ते लागले कुठे, तर दाभोळला. अमेरिकेच्या शेल वायूचे भारतातले हे पहिले करारबद्ध पाऊल कोकणच्या किनाऱ्यावर पडले.

वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि आकारमान सुमारे ६०० पटीने घटते. म्हणून तो जहाजात मावतो. टर्मिनलवर त्याला ऊब देऊन पुन्हा वायू करतात आणि पाइपलाइनमध्ये सोडतात.

दाभोळ-बंगळूर ही सुमारे हजार किलोमीटरची वाहिनी ‘गेल’ने २०१३ मध्ये सुरू केली. कर्नाटक राष्ट्रीय गॅस जाळ्याशी पहिल्यांदा जोडले गेले ते याच वाहिनीमुळे. तिची एक शाखा गोव्यात उतरते. दाभोळ टर्मिनलला लाटारोधक बांधाअभावी वर्षानुवर्षे पावसाळ्यात जहाजे लागत नव्हती. तेव्हा गुजरातमधील दहेजहून उरण, पनवेलमार्गे येणाऱ्या वाहिनीने ही लाइन भरती ठेवली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पाइपमधल्या वायूवर शिक्का नसतो. कतारचा, अमेरिकेचा आणि देशातल्या विहिरींचा वायू वाहिनीत एकत्र होतो. शिवाय ‘गेल’ अमेरिकेतला काही माल परस्पर दुसऱ्या देशांना विकून किंवा बदलून जवळचा माल घेते. त्यामुळे बेळगावच्या एखाद्या घरातील शेगडीवर नेमका कुठला वायू जळतो, हे सांगता येत नाही. फायदा मोजायचा तो देशाच्या एकूण खरेदीच्या वहीत.

देशाला झालेले तीन फायदे

भारत गरजेच्या जवळपास निम्मा नैसर्गिक वायू आयात करतो. देशाच्या एकूण ऊर्जेत वायूचा वाटा सहा-सात टक्क्यांच्या घरात आहे आणि तो २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. घरचा वायू तेवढ्या वेगाने वाढत नसल्याने आयात आलीच. अशा वेळी दुकान एकच असले की दुकानदार म्हणेल तो भाव. फ्रॅकिंगने बाजारात एक मोठे दुकान वाढवले.

पहिला फायदा वाटेचा. भारताचा सर्वांत मोठा पुरवठादार कतार आहे आणि त्याचे प्रत्येक जहाज होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येते. आखातात तणाव वाढला की पुरवठ्याला धोका निर्माण होतो. अमेरिकेचा माल त्या वाटेने येत नाही. अंतर लांब पडते, पण एक वाट अडली तर दुसरी उघडी राहते. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाच्या गॅझप्रॉमशी संबंधित जुन्या करारातला पुरवठा थांबला, तेव्हा एकाच ठिकाणी विसंबून राहण्याचा धोका ‘गेल’ने प्रत्यक्ष अनुभवला.

दुसरा फायदा भावाच्या सूत्राचा. आशियातले बहुतेक जुने करार कच्च्या तेलाच्या दराला बांधलेले असतात. म्हणजे तेल भडकले की वायूही भडकतो. सबिन पासच्या कराराचे सूत्र वेगळे आहे. अमेरिकेतील ‘हेन्री हब’ या बाजारदराच्या ११५ टक्के, अधिक ३ डॉलर. हा दर ‘एमएमबीटीयू’ या उष्णतेच्या मापाला असतो. एक एमएमबीटीयू म्हणजे घरगुती साधारण दीड सिलिंडरची उष्णता. समजा हेन्री हबचा दर ३ डॉलर आहे. त्याचे ११५ टक्के ३.४५ आणि वर ३, असे ६.४५ डॉलर झाले. जहाजाचे भाडे वेगळे. २०२२ च्या टंचाईत आशियातला रोखीचा दर एका टप्प्यावर ६० डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा अशा कराराचे मोल कळले.

याची दुसरी बाजूही आहे. २०२० मध्ये कोरोनाकाळात मागणी आटली आणि आशियातला रोखीचा दर २ डॉलरच्या आसपास घसरला. तेव्हा करारातले ३ डॉलरच बाजारभावापेक्षा जास्त होते. दीर्घ मुदतीचा करार हा विम्यासारखा असतो. संकट आले नाही त्या वर्षी हप्ता जड वाटतो.

तिसरा फायदा घासाघीस करण्याच्या बळाचा. अमेरिकेच्या करारांत माल अमुकच बंदरात उतरवला पाहिजे, अशी अट नसते. पर्याय हाती असलेला ग्राहक इतर पुरवठादारांशी ताठ मानेने बोलू शकतो. २०२४ च्या फेब्रुवारीत भारताच्या पेट्रोनेट एलएनजीने कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०२८ पासून पुढे २० वर्षांसाठी वाढवला, तेव्हा जगाच्या बाजारात अमेरिकेचा मालही उपलब्ध होता.

उसाच्या शेतापर्यंतचा हिशेब

निपाणी, चिक्कोडी, अथणी, रायबाग, कागल, शिरोळ या पट्ट्यात ऊस आहे तिथे युरिया आहे. युरियाचा मुख्य कच्चा माल नैसर्गिक वायू. देशात वायूचे सर्वांत मोठे ग्राहक खत कारखानेच आहेत आणि त्यांना लागणारा बहुतांश वायू आयातीचा असतो. गोव्यातील झुआरीनगरचा खत कारखाना पूर्वी नाफ्त्यावर चालायचा. २०१३ मध्ये दाभोळ वाहिनीची शाखा पोहोचल्यावर तो वायूवर आला.

एक टन युरियाला ढोबळमानाने २२ ते २६ एमएमबीटीयू वायू लागतो. म्हणजे ४५ किलोच्या एका पोत्यामागे साधारण एक एमएमबीटीयू, सिलिंडरच्या भाषेत दीड सिलिंडर. वायू १० डॉलरने पडला आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर पोत्यात नुसता वायूच ८५० रुपयांचा होतो. शेतकऱ्याला मात्र ते पोते २४२ रुपये अधिक कडुनिंब आवरणाचा खर्च आणि कर, एवढ्याला मिळते. मधला फरक केंद्र सरकार अनुदानातून भरते. वायूचा दर एका डॉलरने वाढला की प्रत्येक पोत्यामागे ८०-९० रुपयांचा बोजा तिजोरीवर चढतो. पोत्यावरची किंमत हलत नाही म्हणून तो शेतकऱ्याला दिसत नाही, एवढेच. स्वस्त आणि खात्रीचा वायू हा म्हणूनच शेतीचा प्रश्न आहे.

आपल्या जमिनीखाली फ्रॅकिंग होणार का?

पाइपलाइन गेली म्हणजे उद्या इथेही खोदतील का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. निपाणी-चिक्कोडीचा भाग दख्खनच्या काळ्या अग्निजन्य कातळावर आहे. गोकाक धबधबा ज्या खडकावरून कोसळतो तो त्याहून कितीतरी जुना, कलादगी खोऱ्याचा. देशातील २६ गाळखडकी खोऱ्यांच्या सरकारी यादीत भीमा-कलादगी आणि दख्खन या दोन्हींची नावे आहेत, पण ती तिसऱ्या, म्हणजे अजून काहीही न सापडलेल्या गटात. शेल वायूसाठी देशात ज्यांचा विचार होतो ती खोरी वेगळी आहेत : खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी, दामोदर, गंगा आणि आसाम-आराकान.

तिथली प्रगतीही बेताचीच आहे. जानेवारी २०११ मध्ये ओएनजीसीला पश्चिम बंगालमधील दुर्गापूरजवळ इच्छापूर येथे शेल वायूचा मागोवा लागला. २०१३ मध्ये सरकारी कंपन्यांसाठी शेल वायूचे धोरण आले, २०१८ मध्ये खासगी कंपन्यांनाही वाट खुली झाली. साठ्याचे अंदाज मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २०१३ मध्ये काढता येण्याजोगा वायू ९६ लाख कोटी घनफूट सांगितला, तर त्याच देशाच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने तीन खोऱ्यांपुरता आकडा सुमारे ६ लाख कोटी घनफूट काढला. ओएनजीसीने चाचणी विहिरी घेऊन पाहिल्या, पण शेलमधून व्यापारी उत्पादन उभे राहिले नाही.

तरीही फ्रॅकिंगचे तंत्र भारतात वापरात आहे. राणीगंज भागात कोळशाच्या थरांतला मिथेन काढताना आणि राजस्थानात बाडमेरच्या रागेश्वरी क्षेत्रातील खोल, चिवट खडकातून वायू काढताना हेच तंत्र वापरतात. देशाच्या गरजेपुढे हे उत्पादन लहान असले तरी तेवढी आयात वाचते.

पाण्याची किंमत

फ्रॅकिंगच्या फायद्यांची यादी करताना खर्चाची बाजू झाकून चालत नाही. शेलच्या एका विहिरीला अमेरिकेतील अनुभवानुसार सुमारे ५७ लाख ते ६ कोटी लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर ५७० ते ६ हजार टँकर. आणि विहीर एक घेऊन भागत नाही. शेल विहिरीचे उत्पादन पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने घटते, म्हणून नव्या विहिरी घेत राहाव्या लागतात. मलप्रभा आणि म्हादईच्या पाण्यासाठी तीन राज्ये भांडताना पाहणाऱ्या, उन्हाळ्यात अथणीच्या गावांत टँकरची वाट पाहणाऱ्या वाचकाला या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

विहिरीतून परत येणारे क्षारयुक्त पाणी कुठे टाकायचे, हा दुसरा प्रश्न. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात तेल-वायू उद्योगाचे असे सांडपाणी खोल जमिनीत सोडल्याने भूकंपांची संख्या वाढली. सप्टेंबर २०१६ मध्ये तिथल्या पॉनी गावाजवळ ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. फ्रान्सने २०११ मध्ये फ्रॅकिंगवर बंदी घातली, इंग्लंडने २०१९ मध्ये ते थांबवले. वायू जाळला की कोळशाच्या जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो हे खरे, पण विहिरीतून आणि वाहिन्यांतून मिथेन गळत राहिला तर हा फायदा कमी होतो.

थोडक्यात, पाणी आणि जमिनीचा हा खर्च आज अमेरिका सोसते आणि आपण तयार वायू पैसे मोजून घेतो. हे आपल्या सोयीचे आहे, पण फुकट नाही. डॉलर वधारला की बिल वाढते आणि विकणाऱ्या देशाच्या धोरणावरही अवलंबून राहावे लागते.

सीमाभागाने काय दिले, काय मिळते?

वाहिनीसाठी जमीन १९६२ च्या पेट्रोलियम पाइपलाइन कायद्याखाली घेतली जाते. त्यात जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. त्या पट्ट्यावर पीक घेता येते. घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. मोबदला म्हणून जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के आणि पिकाचे नुकसान भरून देण्याची तरतूद आहे. ज्याच्या शेतातून वाहिनी गेली आहे त्याने हे निर्बंध माहीत करून घ्यावेत. जमीन विकत घेणाऱ्यानेही आधी उतारा आणि वाहिनीचे खांब पाहावेत.

मिळकतीच्या बाजूला सीएनजी पंप, घरगुती पाइप गॅस आणि कारखान्यांसाठी इंधन आहे. एकाच वाहिनीवर वितरक मात्र जिल्ह्यागणिक वेगळा आहे. बेळगाव जिल्ह्याचा परवाना मेघा समूहाकडे, कोल्हापूरचा एचपीऑइल गॅसकडे, सांगली-साताऱ्याचा भारत पेट्रोलियमच्या गटाकडे गेला. घरगुती वापर आणि सीएनजीला देशातल्या जुन्या विहिरींचा वायू प्राधान्याने मिळतो. एप्रिल २०२३ मध्ये या वायूच्या दराला सुरुवातीला ६.५ डॉलरची कमाल मर्यादा घालण्यात आली. तो पुरत नाही तिथे आयात वायू मिसळावा लागतो आणि दर चढतो. कारखान्यांना तर मुख्यतः आयात वायूचाच भाव पडतो. त्यामुळे उद्यमबाग, मच्छे किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या उद्योजकाला हेन्री हबचा दर वाटतो तितका परका नाही.

दरातला दुसरा फरक कराचा. नैसर्गिक वायू अजून जीएसटीत नाही, त्यामुळे प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून तो १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. वाहतुकीच्या दरात मात्र १ एप्रिल २०२३ पासून देशभर एकसमान पद्धत आली आहे. म्हणजे वाहिनीने सीमा पुसली, कराने ती जागेवर ठेवली. कागल आणि निपाणी यांच्यात अंतर थोडे, पण कराचा कायदा दोन राज्यांचा. वायू जीएसटीत आला तर हा फरक मिटेल आणि कारखान्यांना इंधनावर भरलेल्या कराची वजावटही घेता येईल.

फ्रॅकिंगने देशाला वायूचा एक जास्तीचा पुरवठादार आणि भावाचे एक वेगळे सूत्र दिले. इथल्या पाण्याला आणि जमिनीला धक्का न लावता तो फायदा घेता येतो, हे सीमाभागाचे नशीब. मात्र तो फायदा ग्राहकाच्या बिलात दिसायचा असेल, तर पुढचे काम बंगळूर, मुंबई आणि दिल्लीत, जीएसटी परिषदेच्या टेबलावर व्हायचे आहे.